वीस वर्षांचा नियम लागू नसतानाही लीथच्या इटालियन दुकानदाराला १९४० साली का उचललं?

सायली_लीथ

नमस्कार मंडळी. मी एडिनबराला लागून असलेल्या लीथ बंदरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला नव्वदी ओलांडलेले एक आजोबा येतात. नाव इटालियन, बोलणं पक्कं स्कॉटिश. त्यांच्या वडिलांचं लीथ वॉकजवळ मासे आणि बटाट्याच्या चिप्सचं दुकान होतं, उन्हाळ्यात आइस्क्रीमही. वडील १९१३ साली फ्रोझिनोनेकडच्या डोंगरातल्या गावातून आले. दुकान स्वतःचं, मुलं सगळी इथेच जन्मलेली. मोठा मुलगा १९४० साली ब्रिटिश सैन्यात होता.

१० जून १९४० ला मुसोलिनीने ब्रिटन आणि फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या रात्री जमावाने लीथ वॉकवरच्या इटालियन दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. आजोबा तेव्हा सात वर्षांचे होते. काउंटरमागे बरण्या फुटल्याचा आवाज आणि जमिनीवर लेमोनेडमध्ये भिजलेली साखर, एवढं त्यांना लख्ख आठवतं. त्याच रात्री वडिलांना न्यायला जो कॉन्स्टेबल आला, तो रोज ड्युटी संपली की यांच्याकडेच खायला यायचा. “कोट घे, गार आहे,” असं तो वडिलांना म्हणाला. आईला वाटलं, एक-दोन दिवसांत सोडतील.

वडील परत आलेच नाहीत. २ जुलैला ‘अरँडोरा स्टार’ नावाचं जहाज बुडालं, त्यावर ते होते. धाकटा काकाही त्याच जहाजावर होता. तो वाचला आणि पुढे त्याला ऑस्ट्रेलियाला पाठवलं. आईला कित्येक आठवडे कुणी काही कळवलं नाही. वर किनारपट्टी संरक्षित क्षेत्र म्हणून तिला मुलं घेऊन आतल्या भागात जावं लागलं, कारण लग्नामुळे तीही इटालियन नागरिक ठरली होती.

माझे प्रश्न असे:

नियम १६ ते ७० वयाचे आणि वीस वर्षांपेक्षा कमी काळ इथे राहिलेले पुरुष असा होता, असं वाचलं. मग सत्तावीस वर्षं राहिलेल्या माणसाला कसं उचललं? त्यांची कुठे सुनावणी झाली का? जहाजावर कैदी आहेत हे दाखवणारी काही खूण का नव्हती? आणि आजोबांचे वडील व काका, दोघांची कागदपत्रं आजोबांच्या नातीला हवी आहेत, ती कुठे शोधायची?

आजोबांनी हे मला एका दमात सांगितलेलं नाही. गोळ्यांची पिशवी हातात घेऊन, जाता जाता, दर खेपेला थोडं थोडं सांगतात. त्यांच्या हयातीत निदान कागद तरी हाती यावेत, एवढीच इच्छा आहे.

---

दर्यावर्दी

सायलीताई, आयुष्य मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये गेलं. लिव्हरपूलला कितीदा तरी लागलो, आणि तिथे धक्क्यावर या जहाजाच्या स्मरणार्थ लावलेली पाटी उभं राहून वाचली आहे. निवृत्तीनंतर या एका जहाजाबद्दल जे मिळालं ते सगळं वाचलं. आधी तुमचा वीस वर्षांचा प्रश्न.

वीस वर्षांचा नियम सरसकट अटकेसाठी होता. त्याखेरीज ब्रिटिश गुप्तचर खात्याची, म्हणजे एमआय फाइव्हची, वेगळी यादी होती. तिच्यात सुमारे १५०० इटालियनांची नावं ‘धोकादायक’ म्हणून होती. त्या यादीत नाव असलं की तुम्ही किती वर्षं राहिलात याला काही किंमत नव्हती. आणि यादीत नाव यायला मुख्य आधार कोणता? फाशिओचं, म्हणजे मुसोलिनीच्या पक्षाच्या परदेशातल्या शाखेचं, सभासदत्व.

आता ही शाखा म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते बघा. लंडन, ग्लासगो, एडिनबरा, कार्डिफ इथे इटालियन लोकांना एकत्र जमायला तीच जागा. मुलांना इटालियन शिकवायचे वर्ग तिथेच, नाताळातल्या भेटी तिथेच, पोरांना उन्हाळ्यात इटलीला स्वस्तात पाठवायची सोय तिथूनच. काही जण मनापासून फॅसिस्ट होते, हे खरंच आहे. पण कित्येक जण मुलाला आजीशी बोलता यावं म्हणून वर्गणी भरत होते. यादी करणाऱ्याने हा फरक कधी विचारलाच नाही.

सुनावणीचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. १९३९ च्या शरदात जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांसाठी ब्रिटनभर न्यायाधिकरणं बसली होती. सत्तर हजारांहून जास्त लोकांना एकेकाला समोर बोलावून अ, ब, क असे वर्ग पाडले. लगेच कोंडावेत असे ‘अ’ वर्गातले सहाशेसुद्धा भरले नाहीत. पुढे १९४० च्या मे-जूनमध्ये घबराट झाली तेव्हा ब आणि क मधलेही उचलले, ती वेगळी कथा. पण निदान एकदा तरी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. इटालियनांना तेवढंही मिळालं नाही. इटली युद्धात उतरलीच जूनमध्ये. चर्चिलने “सगळ्यांना उचला” असा हुकूम सोडला असं सांगतात, आणि त्याच रात्री दारावर थाप. सर पर्सी लोरेन यांची समिती इटालियनांच्या प्रकरणांचा विचार करायला बसली ती नंतर, तोवर जहाज तळाशी गेलं होतं.

आता जहाज. ‘अरँडोरा स्टार’ ही ब्लू स्टार लाइनची, १९२७ साली बर्कनहेडला बांधलेली. युद्धाआधी श्रीमंतांना सफरीवर नेणारी पांढरीशुभ्र बोट. जून १९४० मध्ये नॉर्वे आणि फ्रान्समधून सैनिक माघारी आणायला ती वापरली. तोवर राखाडी रंग लागला होता आणि तोफा बसवल्या होत्या. रुग्णजहाज असेल तर पांढरा रंग, हिरवा पट्टा, रेडक्रॉसची चिन्हं आणि शत्रूला आगाऊ सूचना, असा रिवाज असतो. यातलं काहीच नव्हतं. पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याला ती सैन्य नेणारी बोटच दिसणार.

१ जुलैला पहाटे लिव्हरपूलहून निघाली, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सकडे. सोबत एकही युद्धनौका नाही. वर दीड हजारांहून जास्त माणसं: ७३४ इटालियन, जर्मन स्थानबद्ध आणि युद्धकैदी, पहारेकरी, खलाशी. डेकवर काटेरी तारांचे अडसर उभारले होते. कप्तान मोल्टन यांनी त्याला हरकत घेतली होती, तारा काढा म्हणाले होते, कोणी ऐकलं नाही. बोट ड्रिलही झालं नाही. जहाजावर काम केलेल्या कोणालाही विचारा, अनोळखी जहाजात पहिल्या दिवशी ड्रिल नाही म्हणजे रात्री माणसाला आपली लाइफबोट कुठे आहे तेच माहीत नसतं. यातले बरेच जण पन्नास-साठीचे दुकानदार, स्वयंपाकी, वेटर. समुद्र त्यांनी एकदाच पाहिलेला, इंग्लंडला येताना.

२ जुलैला सकाळी सातच्या सुमारास, आयर्लंडच्या डोनेगल किनाऱ्यापासून सुमारे ७५ मैलांवर, यू-४७ पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. कप्तान गुंटर प्रीन, ज्याने आदल्या वर्षी स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली होती तोच. परतीच्या वाटेवर होता, उरलेला शेवटचा टॉर्पेडो होता. तो स्टारबोर्डच्या, म्हणजे उजव्या, बाजूला इंजिनरूमवर बसला. इंजिनरूम गेली की वीज गेली, वीज गेली की खालच्या डेकवर काळोख. आत किती जण असतील आणि शिडीपर्यंत किती पोचले असतील, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे, आणि त्यापुढे जाववत नाही. पस्तीस मिनिटांत जहाज बुडालं. आठशेच्या वर माणसं गेली, त्यात इटालियन ४४६. कप्तान मोल्टनही गेले. कैद्यांमध्ये बुर्फाइंड नावाचा जर्मन कप्तान होता, तो लोकांना बोटींत उतरवत राहिला आणि तोही बुडाला. दुपारी कॅनडाची ‘सेंट लॉरेंट’ विनाशिका आली आणि तिने वाचलेल्यांना ग्रीनॉकला नेलं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ब्रिटिश वर्तमानपत्रांनी छापलं की जर्मन आणि इटालियन बोटींसाठी आपसात मारामाऱ्या करत होते म्हणून एवढे मेले. वाचलेल्यांनी हे साफ नाकारलं. काटेरी तारांबद्दल मात्र त्या बातम्यांत फारसं काही नव्हतं.

---

रोखठोक

वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो. जून १९४० डोळ्यांसमोर आणा. नॉर्वे पडला, हॉलंड पाच दिवसांत पडला, पॅरिस पडायच्या बेतात. आतूनच कोणीतरी दारं उघडतंय ही भीती सगळीकडे होती. एकेकाची चौकशी करायला वेळ कुठे होता? एक जरी खरा हेर सुटला असता तर? आणि फॅसिस्ट पक्षाची वर्गणी भरणाऱ्याने परिणामाचा विचार करायला नको होता का?

---

दर्यावर्दी

रोखठोकराव, भीती खरी होती, मान्य. पण तिचा हिशेब कोणाकडून वसूल झाला ते पाहा. जूनमध्येच ‘मोनार्क ऑफ बर्म्युडा’ या जहाजाने इटलीचे राजदूत बास्टियानिनी, वकिलातीतले लोक आणि इतर बरेच जण सन्मानाने लिस्बनला नेऊन सोडले. युद्ध पुकारल्यावर राजदूतांना परत पाठवतात, तो रिवाजच आहे. पण फाशिओ ज्यांनी चालवला त्यातले वजनदार लोक असे घरी पोचले, आणि मागे राहिले ते दुकानदार आणि वेटर.

आणि देचिओ आंझानी यांचं नाव ऐका. लंडनमधले शिंपी, तीस वर्षांहून जास्त तिथे राहिलेले. मुसोलिनीचे उघड विरोधक, मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या इटालियन शाखेचे चिटणीस. गुप्तचर खात्याला विचारायचं असतं तर फॅसिस्ट कोण हे त्यांनीच सांगितलं असतं. त्यांनाही त्याच जहाजावर चढवलं आणि ते बुडाले. नंतर लॉर्ड स्नेल यांनी या निवडीची चौकशी केली. पक्षाचं सभासदत्व हाच पुरावा धरला होता हे त्यातूनही पुढे आलं. वेळ नव्हता म्हणता, पण आंझानींना ओळखायला एक फोन पुरला असता.

सायलीताईंच्या लीथचाच एक मुलगा, एदुआर्दो पाओलोत्सी. पुढे नामांकित शिल्पकार झाला, सर पदवी मिळाली. तेव्हा सोळा वर्षांचा होता, त्याला एडिनबराच्या सॉटन तुरुंगात टाकलं. वडील, आजोबा आणि मामा त्या जहाजावर गेले. सोळा वर्षांचा, लीथमध्येच जन्मलेला पोरगा कोणतं दार उघडणार होता?

---

रोखठोक

आंझानींचं माहीत नव्हतं. त्या उदाहरणावर माझ्याकडे उत्तर नाही. पण घबराटीत सरकारं अशीच वागतात आणि पुढेही वागतील, हे माझं मत कायम आहे.

---

मेलबर्नकर

सायली, काकांच्या कागदांचं मी सांगू शकतो. अरँडोरा स्टारमधून वाचलेल्यांना आठ दिवसांत, १० जुलैला, ‘ड्युनेरा’ जहाजावर चढवून पुन्हा लिव्हरपूलहून पाठवलं. त्यात सुमारे २०० इटालियन होते. नुकतेच तेलकट पाण्यातून निघालेले लोक, त्यांना परत जहाजाच्या तळाशी कोंडलं! वाटेत एका पाणबुडीने त्या जहाजावरही टॉर्पेडो टाकले, नशिबाने फुटले नाहीत. पहारेकऱ्यांनी स्थानबद्धांचं सामान लुटलं, त्यावरून नंतर कोर्ट मार्शल झालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला जहाज मेलबर्नला आलं, तिथे अरँडोरा स्टारवाल्यांना उतरवून रेल्वेने टाटुराला नेलं. बाकीचे पुढे सिडनीला.

टाटुरा आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर आहे. तिथे एक छोटं संग्रहालय आहे, एका भागात पाटबंधाऱ्यांची माहिती आणि दुसऱ्यात युद्धकाळातल्या छावण्या. छावणीत बनवलेल्या वस्तू काचेमागे ठेवल्या आहेत. जवळच मर्चिसनच्या स्मशानात ऑस्ट्रेलियात मरण पावलेल्या इटालियन युद्धकैद्यांच्या आणि स्थानबद्धांच्या अस्थी एकत्र ठेवलेली वास्तू आहे, नोव्हेंबरात तिथे प्रार्थनेला इटालियन मंडळी जमतात.

कागद: नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ ऑस्ट्रेलियाच्या संकेतस्थळावर ‘एमपी ११०३’ या मालिकेत शोधा. १ क्रमांकाच्या भागात छावण्यांमधल्या हालचालींचे फॉर्म आहेत आणि २ मध्ये फोटो व बोटांचे ठसे असलेली कार्डं. पुष्कळशी स्कॅन झालेली आहेत. आडनावाची स्पेलिंगं लष्करी कारकुनाने ऐकू आली तशी लिहिलेली असतात, तेव्हा तीन-चार प्रकारे शोधा. लीथमधला पत्ता माहीत असेल तर खात्री पटायला तो कामाला येईल.

इथे आधीपासून राहणाऱ्या इटालियनांचंही तेच झालं. क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांतले शेतकरी आणि ऊसतोडीवाले शेकड्यांनी उचलले, बायकांनी मळे सांभाळले. फ्रान्चेस्को फान्तिन हा तिथला कामगार अराजकवादी, कट्टर फॅसिस्टविरोधी. त्याला फॅसिस्टांबरोबरच साउथ ऑस्ट्रेलियातल्या लव्हडे छावणीत ठेवलं आणि १६ नोव्हेंबर १९४२ ला त्याच छावणीतल्या एका फॅसिस्टाने त्याला मारून टाकलं. सरकारच्या लेखी दोघंही एकाच रकान्यातले.

---

न्यूजर्सीची_वहिनी

अमेरिकेतही झालं हो. नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवलं होतं. रेडिओ, कॅमेरे जमा करा, ओळखपत्र बाळगा, कॅलिफोर्नियात रात्री आठ ते सकाळी सहा संचारबंदी. बेसबॉलचा जो डिमॅजिओ माहीत असेल, त्याचे वडील सॅन फ्रान्सिस्कोचे कोळी, त्यांना त्यांच्याच धक्क्यावर जायला बंदी. ऑक्टोबर १९४२ मध्ये कोलंबस दिनाला ही बंधनं उठवल्याचं जाहीर झालं. प्रत्यक्ष कोंडलेले तुलनेने कमी. कॅनडात सहाशेच्या आसपास इटालियन कोंडले होते, २०२१ मध्ये ट्रुडोंनी संसदेत माफी मागितली.

---

भगूरकर

आपल्याकडचा संबंध थोडक्यात सांगतो. देवळाली कॅम्प आमच्या गावाला लागून. भारतातल्या युरोपियन स्थानबद्धांना आधी अहमदनगरला ठेवलं, १९४१ च्या सुरुवातीला देवळालीला आणलं आणि त्याच वर्षी डेहराडूनला हलवलं. सुरुवातीला जर्मनच, जून १९४० नंतर इटालियनही, त्यांत मिशनरी होते. डेहराडूनला इटालियनांचा वेगळा विभाग होता. बायका-मुलांसह कुटुंबं साताऱ्याला आणि पुरंदर किल्ल्यावरच्या छावणीत होती. इतकी वर्षं पुरंदरला ट्रेकला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? उत्तर आफ्रिकेतून आणलेले हजारो इटालियन सैनिक मात्र युद्धकैदी, त्यांचा कायदा आणि छावण्या वेगळ्या. बोलताना लोक दोन्ही एकत्र करतात, म्हणून लिहिलं.

आणि १९६२ साली आपणही हेच केलं. आसाममधल्या माकुमसारख्या गावांतून चिनी वंशाच्या लोकांना रेल्वेत घालून राजस्थानातल्या देवळीला नेलं, सुमारे तीन हजार माणसं, पोराबाळांसकट. काही जण वर्षानुवर्षं तिथे होते. सायलीताईंच्या आजोबांची गोष्ट वाचताना मला त्यांची मुलं आठवत राहिली.

---

सायली_लीथ

सगळ्यांचे मनापासून आभार. दर्यावर्दीकाका, तुमचा प्रतिसाद इंग्रजीत करून आजोबांना वाचून दाखवला. यादीचं ऐकल्यावर ते म्हणाले, आई वर्गात पाठवायची, शनिवारी, तिथे बदाम घातलेला केक मिळायचा. वर्गणी भरलेली होती, तिचं छोटं कार्ड स्वयंपाकघरातल्या टिनच्या डब्यात असायचं, पोलिसांनी तो डबाही नेला. वर्गणीचा आणि अटकेचा संबंध त्यांना आजवर कोणी सांगितला नव्हता. रोखठोक, तुमचा मुद्दाही त्यांना सांगितला. ते म्हणाले, भीती सगळ्यांनाच होती, माझ्या भावाला तर त्याच सैन्यात राहून भीती वाटत होती.

मेलबर्नकर, काकांचं कार्ड सापडलं! आडनावात एक अक्षर चुकलेलं, पण बायकोचं नाव आणि लीथचा पत्ता बरोबर. व्यवसाय आइस्क्रीम विक्रेता. खाली दहा बोटांचे ठसे, आणि दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूने, गळ्याशी नंबराची पाटी. डोकं भादरलेलं आहे. नात मोठी प्रिंट काढून आणणार आहे.

वडिलांचं अजून राहिलंय. लंडनजवळ क्यूला नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एचओ ३९६ या मालिकेत स्थानबद्धांची कार्डं आहेत असं कळलं, त्यात इटालियनही येतात. एडिनबराहून सुट्टी काढून जाणं मला लगेच जमणार नाही. कोणी क्यूला नेहमी जाणारं आहे का? आडनाव आणि जन्मसाल व्यनिने (खासगी निरोपाने) पाठवते.

---

क्रॉयडनची_माधुरी

माझ्याकडे तिथलं वाचकपत्र आहे, गावच्या गलबतांच्या नोंदी शोधायला जाते. पुढच्या गुरुवारी जाणारच आहे. व्यनि करा. आडनावाच्या चुकीच्या स्पेलिंगसुद्धा पाठवा, आणि ते कोणत्या छावणीतून जहाजावर गेले हे माहीत असेल तर तेही. उत्तर इंग्लंडमध्ये बरी गावातल्या वॉर्थ मिल्स या पडक्या सूतगिरणीत बरेच इटालियन ठेवले होते, तिथून गेले असतील तर त्या छावणीचे कागदही मागवून ठेवते.